फटीतलं बिऱ्हाड

गवंड्याने आयुष्यभर दगड रचले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. तो उंचीला भ्यायचा नाही, पडत्या भिंतीला भ्यायचा नाही. विंचवाला मात्र भ्यायचा, आणि हे त्याने बायकोलाही कधी कळू दिलं नव्हतं.

लेकीच्या परसातली भिंत मधेच फुगली, म्हणून तिने त्याला बोलावलं. पहिला थर उतरवला तोच फटीतून नखाएवढा काळपट विंचू बाहेर आला. चपटं अंग, पिवळसर पाय. गवंड्याच्या हातातला दगड निसटला. पाय थोडक्यात वाचला.

"बाबा, मारू नका त्याला," लेक स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "पुष्कळ आहेत या भिंतीत. नळाच्या ओलीला किडे येतात, ते खाऊन राहतात. फटीच्या तोंडाशी पुढचे चिमटे काढून बसायचं, एवढंच काम. घरात कधी येत नाहीत."

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं ऐकून होतो."

"यांचं भिंतीत आहे. फटी तेवढ्या बुजवू नका."

"म्हणजे भाडेकरू आत ठेवून घर बांधायचं!" तो हसला, पण ओठांपुरतंच.

मग प्रत्येक दगड आधी पहारीने हलवून, वाकून बघून तो उचलू लागला. तरी दुपारी एका रुंद दगडाखाली बोटाला सुई टोचल्यासारखं झालं. दगड उलटा केला, तर खाली इवलासा विंचू चिकटलेला. गवंड्याची पाचावर धारण बसली. तो ढिगावरच बसला. जावई चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आला होता, तो पाणी घेऊन धावला.

गवंड्याने निरवानिरव सुरू केली. "सासूबाईंकडे लक्ष ठेवा. आणि माझी हत्यारं लेकीला द्या. राग मानू नका, जावईबापू, तुम्हाला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही."

"खरं आहे," जावई म्हणाला. "पाणी घ्या."

लेकीने येऊन बोट बघितलं. "बाबा, याचा डंख मधमाशीएवढा. मलाही बसलाय. गार पाण्यात बोट धरा."

घटकाभरात आग खरंच उतरली. आता गवंड्याला तोंड कुठे लपवावं कळेना. पण लेक हसली नाही.

"हत्यारं मला का?"

"दगडाची बसकण तुला कळते. एवढीशी होतीस तेव्हा नुसतं बघून सांगायचीस, हा डुगडुगणार. आणि डुगडुगायचाच."

"मग मला कामावर नेणं का बंद केलंत?"

"पोरीच्या हाताला घट्टे पडतील, म्हणाले लोक. मी ऐकलं."

"घट्टे पडलेच की. भांड्यांचे."

ती आत गेली आणि हातमोज्यांचे दोन जोड घेऊन आली. एक त्याच्या मांडीवर टाकला, दुसरा स्वतः चढवला. संध्याकाळपर्यंत दोघं रचत राहिली. कोपऱ्याच्या दगडावरून जुंपलीसुद्धा. तिचं म्हणणं तो उभा लावावा, त्याचं म्हणणं आडवा. आडवाच बसला, पण तिने आधी दोनदा उभा लावून पाहिला. विंचू दिसला की गवंडी मागे सरायचा आणि लेक काडीने त्याला शेजारच्या फटीत ढकलायची.

पुढे शेजारच्या बाईंच्या दारातली पायरी खचली. "तुमच्या वडिलांना निरोप द्या ना," त्या म्हणाल्या.

"त्यांना कशाला? मी येते," लेक म्हणाली. गेली आणि पायरी बसवून आली.