मोटारीच्या सात दोऱ्या

युसूफ वडगावचा मुंजाजी सुतार भ्यायचा तो वाऱ्याला. सापाला नाही, फौजदाराला नाही; वाऱ्याला. डाव्या गालाला वाऱ्याची नुसती फुंकर लागली की कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत कळ सणकत जायची. तापलेली तार मांसातून ओढावी तशी. दहा आकडे मोजेपर्यंत ती निघूनही जायची, पण त्या दहा आकड्यांत माणूस आपलं नाव विसरायचा.

थंड पाण्यानं कळ यायची, घास चावला की यायची, वस्तऱ्यानं यायची, आणि बोलण्यानं हमखास यायची. वैदूनं दाढेत किडा आहे म्हणून दोन चांगल्या दाढा उपटल्या. दाढा गेल्या, कळ राहिली. मग मुंजाजीनं बोलणंच सोडलं. गावानं त्याला मुका मिस्तरी म्हणायला सुरुवात केली, आणि त्यानं मान हलवून तेही नाव घेतलं.

पण कळ आलेली बरी, असं त्याला वाटायचं. आली की निदान ती कुठं आहे ते कळतं. जीव खायचा तो मधला वेळ. गाल शांत असला की तो साप शिरलेल्या गोठ्यातल्या गाईसारखा उभा असायचा, कान टवकारून, श्वास धरून.

त्याची बायको कौसल्याबाई. तिनं दाराला गोणपाट शिवून लावला. कोंबडा आरवतो म्हणून भावाच्या घरी पोचवला. जात्याची घरघर त्याच्या जबड्यात उतरते हे ध्यानात आल्यावर जातं उचलून शेजारच्या सुंदरबाईच्या ओसरीला नेलं. पहाटे ती तिथंच दळायची आणि हळू आवाजात म्हणायची,

दुखण्या दादा तुला, देते बसायाला पाट
सोड धन्याचा गं गाल, धर माझ्या गालाची वाट

मुंजाजीला हे कधी ऐकू आलं नाही.

त्या साली नागपंचमीच्या सुमाराला जिल्ह्याचे तालुकदार साहेब, म्हणजे आताचे कलेक्टर, दौऱ्यावर आले. निजामाच्या राज्यात आमच्याकडं तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. साहेबांची मोटार चावडीपुढं उभी राहिली तेव्हा निम्मं गाव हात बांधून तिच्याभोवती बसलं. साहेबांची नजर मात्र चावडीच्या कोनाड्यातल्या लाकडी बैलजोडीवर गेली. मुंजाजीनंच केलेली. वशिंडाची सुरकुती आणि वेसणीचा पीळही त्यात होता. साहेबांना हैदराबादच्या एका मोठ्या देवडीत, नवाबाच्या वाड्यात, नजराणा न्यायचा होता. त्यांनी विचारलं, अशीच हुबेहूब मोटार होईल का?

मुंजाजीनं मान हलवली, पण तोंडाला गुंडाळलेलं फडकं बघून साहेबांनी कारण विचारलं. सांगितलं ते साहेबांच्या ड्रायव्हरनं, मदारसाबनं. त्यानं सगळं गावाकडून काढून घेतलं होतं. त्याच्या बोलण्यात हेही आलं की हैदराबादच्या दवाखान्यात एक डॉक्टर आहे, सुई टोचून गालाची नस कायमची बधीर करतो. साहेबांच्या आत्याची केली.

मुंजाजी पूर्वी एकदा बैलगाडीनं निघाला होता हैदराबादेला. शिवेपर्यंत चाकांच्या हिसक्यांनी अकरा वेळा कळ आली, तसाच परत फिरला. मोटारीला मात्र रबराची चाकं, खाली पोलादी कमानी. साहेब म्हणाले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथून हैदराबादेला जाणार. खेळणं हुबेहूब असलं तर मोटारीत जागा, आणि डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी. नसलं तर नाही.

मुंजाजीनं त्याच दुपारी मोटार मोजली. लाकडावर रेघ मारायची काजळीत भिजवलेली दोरी त्यानं तोडून सात तुकडे केले: लांबी, रुंदी, चाक, दोन चाकांमधलं अंतर, मडगार्डाची कमान, दिव्याची उंची, टपाची उंची. मोठी गाठ म्हणजे एक हात, बारीक गाठ म्हणजे एक बोट. मोटारीच्या एका हाताला खेळण्यात तीन बोटं धरायची. शेवटच्या तीन दोऱ्या मोजताना वारा सुटला, फडकं सरकलं, आणि एकामागं एक तीन कळा आल्या. साहेब पायरीवर उभे होते. मुंजाजीनं दोरी दातांत धरली आणि हूं केलं नाही.

घरी येऊन त्यानं सातही दोऱ्या देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगल्या, उंदीर तिकडं जात नाहीत म्हणून. आणि रोज सकाळी कामाला बसण्याआधी एकेक दोरी कपाळाला लावू लागला.

शिवणीच्या लाकडाचं अंग घेतलं, शिसवाची चाकं. चाकाचे आरे बाभळीच्या काट्यांचे, दर चाकाला बारा. घुंगरू चिरून त्याच्या दोन वाट्यांचे दिवे, पुढं अभ्रकाचा तुकडा. पुढच्या जाळीला सुंदरबाईची फाटकी चाळणी कामाला आली. कोरायच्या पटाशीच्या मुठीला चामड्याची वादी बांधून ती त्यानं कमरेला अडकवली होती. कळ येऊन हात उडाला तर पटाशी मागं यावी, मोटारीत घुसू नये. दोन महिन्यांत वादी तीनदा तुटली आणि मांडीवर दोन व्रण आले. मोटारीवर एकही नाही.

चार दोऱ्यांचं काम झालं. दसऱ्याला तेरा दिवस राहिले. शुक्रवारी सकाळी मुंजाजी पाचवी दोरी घ्यायला खुंटीपाशी गेला. खुंटी मोकळी होती.

त्यानं देव्हाऱ्याखाली बघितलं. बाजेखाली बघितलं. मग कौसल्याबाईचा हात धरून तिला खुंटीपाशी आणलं आणि बोट दाखवलं.

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. ती म्हणाली, "सोडल्या. काल सातवा बेस्तवार हुता."

मुंजाजीला काही उमगेना. तिनं मग पुढचं सांगितलं. आपल्याकडं दर्ग्यातले फकीरबाबा दुखण्यावर काळ्या दोऱ्याचा गंडा देतात, मंत्र फुंकून गाठी मारलेला. दुखणं त्या गाठींत उतरतं. सात गुरुवार झाले की गंडा गुळाच्या खड्यासकट वाहत्या पाण्यात सोडायचा, मागं वळून बघायचं नाही, आणि सोडेपर्यंत दुखणेकऱ्याला सांगायचं नाही. चावडीवरून आला त्या दिवशी धन्यानं सात काळ्या दोऱ्या आणल्या, देवाशेजारी टांगल्या, रोज कपाळाला लावल्या. तिला वाटलं, दर्ग्यावरून आला. विचारावं तर उत्तराला त्याचं तोंड उघडणार, आणि उघडलं की कळ. मग तिनं विचारलंच नाही. आपली आपण गुरुवार मोजत राहिली.

"सुंदरबाईनं बी सांगितलं, वड्याला लई पानी हाय, सोडून दे म्हनून," ती म्हणाली. "मागं वळून न्हाई बघितलं मी."

मुंजाजी खाली बसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तोंड उघडलं.

"मापं हुती ती," तो म्हणाला. "मोटारीची."

आणि कळ आली. तिनं ती येताना बघितली, जाताना बघितली. गेल्यावरही तो गालाला हात न लावता तसाच बसून होता. कौसल्याबाई ओढ्याकडं पळाली. दुपारी परत आली ती गुडघ्याइतक्या चिखलानं भरलेली, हात रिकामे. ती रडली नाही. कोपऱ्यात उभी राहून आपल्या हातांकडं बघत राहिली.

चार दिवस मुंजाजीनं अंदाजानं मडगार्ड कोरून बघितलं. तीन केली, तिन्ही चुलीत घातली. मोटार बघितलेल्या माणसाला ती खोटी दिसली असती. मापं त्याला आठवतच नव्हती. आठवायची ती फक्त कळ. त्या दुपारच्या तीन कळा त्यानं, आपण नको असलेलं कुत्रं बाहेर ठेवून दार लावतो, तशा दाराबाहेर ठेवल्या होत्या. आणि पाचव्या दिवशी पटाशी हातात धरून बसल्या बसल्या त्याला कळून चुकलं की मापंही त्याच दाराबाहेर आहेत. त्या तिन्ही वेळी त्याचा डावा अंगठा दोरीवर होता. कळ आली आणि अंगठा जागच्या जागी गोठला. तो अंगठा अजून त्याच्याजवळच होता; तशीच कळ आली तर तो पुन्हा त्याच मापावर थांबला असता.

त्यानं पटाशी खाली ठेवली. कळ आपणहून येते तोवर तिची वाट बघणं वेगळं. तिला बोलवायचं?

तिसऱ्या प्रहरी त्यानं अंगणात बाज आडवी उभी केली, मोटारीच्या जागी. नवी दोरी काजळीत बुडवून तिचे तीन तुकडे केले, पहिल्याचं एक टोक कौसल्याबाईच्या हाती दिलं, चाकाच्या जागी तिला बसवलं. मग तोंडावरचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं.

ती उठलीच. "नगा," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. न्हाई जायाचं हैदराबादला. आपुन अशेच ऱ्हाऊ."

त्यानं तिच्याकडं बघितलं. ती परत बसली.

अंगणात वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. मुंजाजी डावा गाल उघडा टाकून, हात पुढं करून, गुडघे वाकवून उभा. त्याचे पाय थरथरत होते, आणि कौसल्याबाईच्या हातात दोरीचं टोक होतं म्हणून ती थरथर तिच्या बोटांपर्यंत येत होती. एवढा भितो हा, हे तिला आजवर माहीत नव्हतं. ती समजत होती की तो सोसतो.

मग लिंब सळसळला.

अंगठा दोरीवरून सरकला, आणि खाडकन थांबला. तिनं तिथं गाठ मारली. मुंजाजीचे डोळे पांढरे झाले होते, पण अंगठा हलला नाही. तासाभरात तसंच आणखी दोनदा झालं. तिसऱ्या वेळी तो पडला, पडतानाही दोरी चिमटीत घट्ट. कौसल्याबाईनं आधी गाठ मारली, मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आधी गाठ मारली याचं तिला पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार आली. साहेब चावडीत चहा घेत होते. मदारसाबनं छोटी मोटार मोठीच्या नाकावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकला.

"या अल्ला," तो म्हणाला. "मिस्तरी, हिला पाजू का पेट्रोल?"

तो हौशी माणूस. त्यानं मुंजाजीच्या तिन्ही नव्या दोऱ्या मागून घेतल्या आणि खऱ्या मोटारीला लावून बघू लागला. मडगार्ड जुळलं. टप जुळला. दिव्याची दोरी अर्धं बोट कमी भरली. साहेब पायऱ्या उतरत होते. मदारसाबनं साहेबांकडं बघितलं, मुंजाजीकडं बघितलं आणि दोरी मुठीत चुरगळून खिशात टाकली.

"मोटारच फुगली आसंल," तो पुटपुटला. "ऊन किती हाय बे."

साहेबांनी खेळण्याचा दिवा बोटानं फिरवून बघितला, चाक फिरवलं, आणि कारकुनाला चिठ्ठी लिहायला सांगितली. एक अट घातली. रस्ता वाईट, पेटीत काट्यांचे आरे टिकायचे नाहीत. मिस्तरीनं ही मोटार मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसायचं, थेट हैदराबादेपर्यंत. मोडली तर जिथं मोडली तिथं उतरायचं.

जागा एकच होती. मुंजाजी मागं चढला. कौसल्याबाईनं त्याच्या डोक्याला, गालाला आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. तीन वेढे, हातानं न दाबता, फुलपाखराला धरावं तशी. मग छोटी मोटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं दोन्ही हातांनी ती धरली, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

मोटारीला दारं कमरेएवढीच होती. कडेला काचा नव्हत्या, पडदे नव्हते. दोन महिने तो ही मोटार बोट बोट मोजत, कोरत बसला होता. तिचा खिळान् खिळा त्याला पाठ होता. पण ती उभी असताना मोजलेली. ती पळताना त्यानं कधी बघितली नव्हती.

"घट धर मिस्तरी," मदारसाब हँडल मारता मारता म्हणाला. "पळाया लागली की वारा लई लागतो."

मुंजाजीनं बायकोकडं बघितलं. गालावर ठेवायला त्याच्याजवळ आता हात उरला नव्हता. कौसल्याबाईला त्याच्या भुवया वाचता यायच्या. तिला सगळं कळलं. मोटार थरथरली, धुराचा लोट सुटला, माणसं बाजूला झाली.

चाकं फिरली. पट्टीचं मोकळं टोक आधी हळूच हललं, मग ताठ होऊन मागं उडायला लागलं. मुंजाजीनं डोळे मिटले आणि हात घट्ट केले.

मोटार वेशीबाहेर पडली तरी कौसल्याबाई रस्त्यातच उभी होती. तिकडून वारा येत होता. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, आणि आपला डावा गाल वाऱ्याकडं केला.