पंधरावी चिठ्ठी

"कारण?" व्हर्नाबाईंनी पेन उचललं.

"फाटक, बाई. मालगाडी संपता संपेना."

"राहतोस कुठं, डेक्स्टर?"

"मेपल स्ट्रीटला."

"मेपल स्ट्रीट फाटकाच्या अलीकडे आहे. मालगाडी काय तुझ्या स्वयंपाकघरातून गेली?"

रांगेत हशा पिकला. डेक्स्टरने गुलाबी चिठ्ठी घेतली आणि तो वर्गाकडे पळाला.

ओहायोतल्या त्या लहानशा गावच्या हायस्कुलात साडेसातची घंटा झाल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला कचेरीत बसणाऱ्या व्हर्नाबाईंच्या खिडकीवरून जावं लागे. उशीर झाला की गुलाबी चिठ्ठी. एकाच कारणाला माफी होती: गावाच्या मधोमध आडवी पडणारी मालगाडी. पण तिची शिटी व्हर्नाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलेली असली पाहिजे. त्यासाठी त्या ऐन थंडीतही खिडकीची एक फट उघडी ठेवत आणि सर्दीने हैराण होत. एकतीस वर्षं झाली होती या खुर्चीला, आणि त्या एकतीस वर्षांत बाईंना स्वतःला एकदाही उशीर झाला नव्हता. याचा त्यांना गर्व होता. होता म्हणजे होता, लपवायचं कशाला?

त्या दिवशी मालगाडी खरंच आली होती. शिटी सगळ्या गावाने ऐकली होती. फाटकापलीकडची सात-आठ मुलं माफी घेऊन हसत गेली. रांगेच्या शेवटी बारावीतली टॅन्सी रकर्ट उभी होती, घामाघूम, एका हातात धाकट्या भावाचा डबा तसाच राहिलेला.

"फाटक?" बाईंनी विचारलं. टॅन्सीचं घर फाटकापलीकडे, हे त्यांना ठाऊक होतं. नुसती मान हलवली असती तरी पोरगी सुटली असती.

"नाही बाई. गाडी यायच्या आधीच मी रूळ ओलांडले होते. धाकट्या ओटिसचा बूट सापडत नव्हता."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वही उलटून पाहिली. "पोरी, ही चौदावी. पंधरावी झाली की ग्रॅज्युएशनला स्टेजवर जाता येत नाही. सर्टिफिकेट टपालाने घरी येतं. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग खोटं बोलायला काय झालं होतं तुला?"

टॅन्सी हसली, पण डोळे भरून आले. "तुम्ही शिटी ऐकता ना, बाई. तुमच्यासमोर नाही जमत."

आता सांगा, अशा पोरीला काय म्हणायचं? बाईंनी गठ्ठ्यातून चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बूट'. मग दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागेना.

टॅन्सीच्या घरची गोष्ट गावात कुणापासून लपलेली नव्हती. आई, कोरीन, वृद्धाश्रमात रात्रपाळी करून सकाळी आठला सुटे. सहा वर्षांच्या ओटिसला उठवून, खाऊ घालून, त्याच्या शाळेचं दार सात वीसला उघडलं की आत सोडून, तिथून हायस्कुलापर्यंत टॅन्सी धावत येई. सगळं सुरळीत झालं तर पोचे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या घरात सगळं सुरळीत कधी होतं? कोरीनला स्वतःला अकरावीत शाळा सोडावी लागली होती, टॅन्सी पोटात होती म्हणून. स्टेज तिने कधी पाहिलंच नाही. लेकीच्या ग्रॅज्युएशनसाठी तिने महिनाभर आधीच रजा टाकली होती, निळा ड्रेसही आणून ठेवला होता. आणि शाळेचे अजून बावीस दिवस उरले होते.

दुपारी बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. हॉल्डन सर सँडविच खात होते.

"व्हर्ना, एक चिठ्ठी लिहायची राहून गेली तर कुणाला कळणार आहे?" सर हळूच म्हणाले.

"मला कळेल. वहीत खोटं जाणार नाही, सर. मी दुसरंच मागायला आले आहे. पोरीचा पहिला तास मोकळा अभ्यासाचा आहे. तिला सातपासून तो तास संपेपर्यंत माझ्या खिडकीवर बसू द्या. आजारी मुलांच्या आईबापांचे फोन घेईल, उशिराच्या चिठ्ठ्याही लिहील. मी तिच्या भावाला शाळेत सोडते आणि घंटेच्या आत येते."

"आणि तुला उशीर झाला तर? तुझ्या यंदाच्या निवृत्तीसाठी मी पितळी पाटी करायला टाकली आहे. 'एकतीस वर्षे, एकदाही उशीर नाही.'"

"नाही होणार. मी व्हर्ना स्टबलफील्ड आहे," बाई म्हणाल्या.

सर हसले आणि त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून पावणेसातला बाईंची जुनी गाडी रकर्टांच्या दारात उभी राहू लागली. टॅन्सी आता एकटीच सायकलवर टांग मारून पसार व्हायची आणि बाई ओटिसच्या समोर बसायच्या. ओटिस म्हणजे एक नग होता. दुधातली गोल गोल बिस्किटं तो एकेक मोजून खायचा, आणि मध्येच बोललं तर पहिल्यापासून मोजायचा. एकतीस वर्षं शेकडो पोरांना दरडावणाऱ्या बाई त्या एवढ्याशा पोरापुढे हात टेकत.

"लवकर खा रे बाळा, घंटा होईल."

"घंटा कुणाची?"

"माझी!"

"तुम्ही तर म्हाताऱ्या आहात. तुम्हाला कोण ओरडणार?"

बाई घरी जाऊन हे नवऱ्याला सांगायच्या आणि दोघं पोट धरून हसायचे.

तिकडे खिडकीवर टॅन्सी अशी कडक निघाली की पोरं बाईंच्या नावाने उसासे टाकू लागली. डेक्स्टर तर म्हणाला, "म्हातारी परवडली!"

वीस दिवस सुखरूप गेले. एकविसाव्या दिवशी ओटिसचा डावा बूट गायब झाला. सोफ्याखाली नाही, धुण्याच्या टोपलीत नाही. अखेर तो ओव्हनमध्ये सापडला.

"इथं कसा आला रे?"

"ओला होता. वाळत घातला," ओटिस शांतपणे म्हणाला.

बाईंनी त्याला शाळेच्या दारात जवळजवळ फेकलंच. परत येताना पाठीमागे मालगाडीची लांबलचक शिटी झाली, पण तोवर बाईंनी रूळ ओलांडले होते. त्या शाळेत शिरल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात तेहतीस झाले होते. खिडकीसमोर पाच पोरं होती. बाई क्षणभर थबकल्या. मग पर्स सावरून रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

त्यांचा नंबर आला. टॅन्सीने वर पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. उघड्या फटीकडे बोट दाखवत ती कुजबुजली, "बाई, शिटी मी ऐकली आहे. फाटक म्हणा ना. आजच्या दिवस म्हणा."

"फाटक नव्हतं," बाई म्हणाल्या. "बूट सापडत नव्हता."

टॅन्सीने पेन उचललं. बराच वेळ लागला तिला ती चिठ्ठी लिहायला. डेक्स्टरने टोपी काढून हातात घेतली, का कोण जाणे.

त्याच्या पुढच्या शनिवारी शाळेच्या मैदानावर झगे आणि चौकोनी टोप्यांची रांग स्टेजवरून सरकत होती. "टॅन्सी रकर्ट!" नाव पुकारलं तशी निळ्या ड्रेसमधली कोरीन खुर्चीवरच उभी राहिली आणि तिने जी आरोळी ठोकली, ती फाटकापलीकडेही गेली असेल. ओटिस व्हर्नाबाईंच्या मांडीवर होता, एका पायात बूट घालून. दुसरा बूट बाईंनी खबरदारी म्हणून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता.

समारंभ संपल्यावर हॉल्डन सरांनी ती पितळी पाटी पुढे केली. बाईंनी वाचली आणि परत दिली.

"ही आता खोटी आहे, सर."

"अगं, तीन मिनिटं! कुणाला माहीत आहे?"

"वहीला."

घरी येऊन बाईंनी फ्रिजवरचं किराण्याचं बिल काढलं आणि त्या जागी चुंबकाखाली ती गुलाबी चिठ्ठी लावली. नवऱ्याने चष्मा चढवून मोठ्याने वाचली. नाव: व्हर्ना स्टबलफील्ड. वेळ: सात तेहतीस. कारणाच्या रकान्यात टॅन्सीच्या नीटस अक्षरात दोन ओळी होत्या.

'माझ्या भावाचा बूट. खरं आहे, मला माहीत आहे.'