केअरचा राहिलेला अर्थ

कोशाच्या कचेरीत एकच नियम होता. तो भिंतीवर लावलेला नव्हता, कारण भिंतीसमोर संपादकबाई स्वतःच बसत. शब्द लोकांच्या तोंडून टिपायचा, आणि माणूस बोलत असताना टिपणाऱ्याने आपलं तोंड उघडायचं नाही.

"तुम्ही मध्ये बोललात की समोरचा सावध होतो," बाई म्हणत, "आणि सावध झालेला माणूस शुद्ध बोलायला लागतो. शुद्ध आपल्याकडे भरपूर आहे. कपाट उघडलं तर अंगावर पडतं."

कोश होता लोकांच्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा. प्रत्येक अर्थाला कानांनी ऐकलेली वाक्यं लागत, तीही वेगवेगळ्या तोंडांतली. घरी बसून रचलेलं वाक्य बाईंना नुसत्या वासावर कळे.

मुक्याला हा नियम कधी जड गेला नाही. लहानपणी तो फार उशिरा बोलायला लागला, म्हणून आत्याने त्याचं नाव मुक्या पाडलं. पुढे तो बोलायला लागला, तरी नाव बदलण्याजोगं त्यात तिला काही दिसलं नाही. कोशात नोकरी लागल्याचं त्याने सांगितलं तेव्हा ती शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली होती, "बरं झालं. टकल्याला कंगव्यांचं दुकान मिळालं."

सध्या त्याच्या वाट्याला 'केअर' आला होता. दिसायला गरीब शब्द, पण खोदायला गेलं की वारूळ. औषधाच्या दुकानात 'केसांची केअर' म्हणजे निगा. बसथांब्यावरच्या मुलीचं 'मी केअरच करत नाही' म्हणजे पर्वा, तीही नसलेली. शेजाऱ्यांचं 'जरा केअरने उचला' म्हणजे जपून, कपाट आमचं आहे. पाकिटावरचं 'केअर ऑफ' म्हणजे ज्याला स्वतःचं दार नाही त्याने दुसऱ्याच्या दाराशी उभं राहणं. आणि 'टेक केअर' म्हणजे आता उठा. हा शेवटचा अर्थ बाईंनी हसत हसत खोडला आणि संध्याकाळी पुन्हा गुपचूप लिहिला.

एकच अर्थ राहिला होता. माणूस दुसऱ्याच्या हवाली करणं, कुणाच्या तरी केअरमध्ये ठेवणं. छापील पुस्तकांत तो होता, पण कानाला लागत नव्हता.

"लोक माणसं हवाली करतात हो," बाई म्हणाल्या, "पण तसं म्हणत नाहीत. पुढच्या आठवड्यात भाग छपाईला जातोय. मिळाला तर बघा, नाहीतर गाळू."

त्याच आठवड्यात आत्या जिन्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

आईवडील गेल्यावर मुक्या, दादा आणि धाकटी बहीण, तिघा भावंडांना तिने वाढवलं होतं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "तीन पोरं आयती मिळाली, नवरा कशाला हवाय मधे?" लोकांचे कपडे शिवून तिने तिघांना शिकवलं, मार्गी लावलं, आणि वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मशीनजवळ एकटी राहिली. आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जिना विसरा.

दवाखान्यात मुक्या भेटायला गेला तेव्हा आत्याने शेजारच्या खाटेवरची बाई झोपली आहे ना, ते आधी बघून घेतलं.

"रविवारी तुम्ही सगळे दादाकडे बसणार म्हणे. माझा निकाल लावायला."

"निकाल काय, आत्या. विचार करायला."

"तेच ते. हे बघ, दादाकडे माणसापेक्षा सोफे जास्त. तुझी बहीण मला वेळापत्रक लावेल. मला तुझ्याकडे यायचंय."

"चल की."

"मी चालते तर इथे कशाला असते? मला ने म्हणतेय. पण मी मागणार नाही त्यांच्यासमोर. जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, त्या पोरांपुढे तर मुळीच नाही. तू म्हण. 'आत्या माझ्याकडे.' एवढंच. जमेल ना तोंड उघडायला?"

"जमेल."

"बघ हं, मुक्या."

घरी बायकोने पुढच्या खोलीतलं त्याचं पुस्तकांचं कपाट आतल्या बोळात सरकवून खाट टाकलीसुद्धा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. आत्याशी तिचं फारसं पटत नव्हतं, आणि ते तिने लपवलंही नाही. "भांडू आम्ही," ती म्हणाली, "पण इथे भांडू. तू फक्त बोलून ये."

रविवारी दादाकडे चहा झाला, बिस्किटं झाली. दादा सोफे विकायचा, त्यामुळे कुठलीही गोष्ट तो गिऱ्हाइकाला बसवून सांगितल्यासारखी सांगे.

"आत्याची केअर आपल्यालाच आहे," त्याने सुरुवात केली. "बाहेरच्याला कशाला असेल?"

आस्था, मुक्याच्या मनात उमटलं. दादा श्वास घेईल तेव्हा बोलू, असं ठरवून त्याने सवयीने खिशातून कागदाची चिठ्ठी आणि पेन्सिल काढली. दादाने श्वास घेतलाच नाही.

"पण घरी केअर घ्यायची म्हणजे काय असतं?" शाळेची मुख्याध्यापिका असलेली धाकटी बहीण म्हणाली. "उठवणं, बसवणं, रात्रीबेरात्री. मी शाळा सोडू?"

शुश्रूषा. चांगलं वाक्य होतं, दैनंदिन तपशील होता. त्याने लिहून घेतलं.

"आणि लोक काय म्हणतील याची मी केअर करत नाही," दादा म्हणाला. लोक काय म्हणतील एवढ्याच काळजीने त्याने बैठक बोलावली होती. "बाजारामागे ते वृद्धांचं घर निघालंय, नवीन. मी बघून आलो. गाद्या उत्तम आहेत."

आता बोलायला हवं होतं. मुक्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात वहिनी, इतका वेळ कपबश्या गोळा करत होती ती, म्हणाली, "टाकतोय असं नाही हो वाटून घ्यायचं. चांगल्या माणसांच्या केअरमध्ये ठेवतोय आपण."

मुक्याने पेन्सिल सरसावली. किती दिवस तो या शब्दाच्या मागे कचेऱ्या, दुकानं, थांबे हिंडला होता, आणि तो इथे बशीबरोबर पुढे आला होता.

"अगदी," बहीण म्हणाली. "केअरमध्ये असली की आपणही शांत. एकदा तज्ज्ञांच्या केअरमध्ये दिली की..."

दुसरं तोंड. आता एक शब्दही बोलणं म्हणजे पाण्यात दगड मारणं. तो गप्प बसला. वर्षानुवर्षांची शिस्त, ती काय एका रविवारी मोडते? आणि खरं सांगायचं तर गप्प बसताना त्याला एरवीपेक्षा जरा जास्तच बरं वाटत होतं. बोळातलं कपाट डोळ्यांसमोर आलं. रात्रीबेरात्री उठणंही आलं.

"मग ठरलं," दादाने मोबाइल उचलला. "हा तर काही बोलत नाहीये, म्हणजे याचीही हरकत नाही." आणि त्याने तिथल्या तिथे त्या घराला फोन लावला. "हो, आमच्या आत्याच. तुमच्या केअरमध्ये सोपवतोय, बघा बरं का." फोन ठेवून तो मुक्याकडे वळला. "तुला काही म्हणायचंय का रे? पेन्सिल हातात धरून बसलायस केव्हाचा."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वहिनीसुद्धा कपबश्या घेऊन दारात थांबली.

"शेवटचं परत म्हणशील?" मुक्या म्हणाला. "केअरमध्ये 'देतोय' म्हणालास की 'सोपवतोय'?"

"सोपवतोय," दादा म्हणाला. "का?"

"काही नाही."

घरी बायको दारातच उभी होती. त्याने नियम समजावून सांगितला: मध्ये बोललं की वाक्य जातं, आणि एकदा गेलं की गेलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तीही त्याच्यासारखीच मध्ये बोलली नाही.

"आणि सगळं टिपून झाल्यावर?" तिने विचारलं. "तेव्हा कुणाचं वाक्य मोडणार होतं?"

तो वाकून चपला काढत राहिला. मग तिने एकटीने खाट उचलली आणि कपाट ओढून जागेवर आणलं. तो मदतीला गेला तेव्हा म्हणाली, "राहू दे. तू केअर नको करूस." हेही वाक्य चांगलं होतं. पण ते टिपायची त्याची छाती झाली नाही.

कचेरीत मात्र बाई खूश झाल्या. "तीन तोंडं, आणि एकाच बैठकीत! असा सहज माल मी पाहिलाच नाही. माणसं किती मोकळी बोललीत हो. कुठे मिळाली?"

"घरीच," मुक्या म्हणाला.

भाग छापून आला, तेव्हा तो आत्याला भेटायला गेला. कोशाची प्रत पिशवीत होती, पण ती त्याने बाहेर काढली नाही. गाद्या खरंच उत्तम होत्या. खिडकीपाशी आत्या बसली होती, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी स्वेटर. त्याची उसवलेली बाही तिने उलटी करून ठेवली होती. सुई मागितली होती, पण इथे सुई देत नाहीत.

"बोललास का रे त्या दिवशी?" तिने विचारलं.

मुक्याने पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"वाटलंच," आत्या म्हणाली. "दादा सांगत होता, याने एकच प्रश्न विचारला. मला वाटलं, एक तरी विचारला. कसला होता?"

सांगण्यासारखं नव्हतं. सुटकेसारखी तेवढ्यात तिथली परिचारिका आली आणि आत्याला आत नेण्यासाठी तिच्या काखेत हात घालायला लागली. मुक्या घाईघाईने उठला, त्याने दुसऱ्या बाजूने हात पुढे केला.

"तुम्ही बसा हो," परिचारिका हसून म्हणाली. "आता हे आमच्या केअरचं माणूस."

'केअरचं माणूस.' हे रूप नवीन होतं, छापलेल्या भागात नव्हतं. आत्याला धरायला निघालेला हात मध्येच थबकला आणि त्याच्या नकळत वरच्या खिशाकडे वळला. जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या आत्याच्या नजरेतून तो सुटणं शक्य नव्हतं.

तिने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"घे, लिहून घे," ती म्हणाली. "ती थांबलीये तोवर."