मर्डोच्या किल्टवरचा शर्ट

कपाटात, चेन लावलेल्या पिशवीत लटकलेली ही आठ वार लोकर तुमच्याशी बोलतेय. मी मर्डोचा किल्ट, स्कॉटलंडचे पुरुष कमरेला गुंडाळतात तो चुणीदार घागरा.

मला शिवलं इन्व्हर्नेसच्या एका बाईंनी. शिवताना त्या रेडिओ लावायच्या आणि टाका चुकला की रेडिओवरच चिडायच्या. गडद हिरवा रंग, त्यावर निळ्या-काळ्या चौकटी, मधून एक बारीक पिवळी रेघ. मागच्या साऱ्या चुण्या त्यांनी हाताने घातल्या आणि कमरेला चामड्याचे पट्टे नि बकलं लावून दिली.

मर्डो मॅलेगच्या धक्क्यावर बोटींचे दोर बांधायचा. त्याच्या लग्नात मी पहिल्यांदा त्याच्या कमरेला लागलो. वर कडक पांढरा शर्ट आणि काळा कोट. पुढे कितीतरी वर्षं, लग्न असो, मयत असो, नवीन वर्षाचा नाच असो, माझ्यावर तोच पांढरा शर्ट आणि तोच कोट.

"अरे, हल्लीची पोरं टी-शर्टवर घालतात," त्याची बायको सेंगा म्हणायची. "तू मात्र कोर्टात साक्षीला निघाल्यासारखा."

"टी-शर्टच घालायचा तर मग खिडकीचा पडदाच गुंडाळतो की खाली."

माणसाचं मला बाकी काही कळत नाही, त्याची कंबर तेवढी कळते. मर्डोची कंबर सुटत गेली तसं बकल एकेक भोक बाहेर सरकलं. मग एका हिवाळ्यात ते आत येऊ लागलं. सेंगा खूश झाली. "लग्नातल्यासारखा दिसायला लागलास," असं म्हणाली. मला ते बरं वाटत नव्हतं. बारीक झालेला माणूस वेगळा आणि आटत चाललेला वेगळा. पण माझं कोण ऐकणार? वसंतात तो रक्त ओकला तेव्हा कळलं की पोटातला रोग यकृतापर्यंत पोचलाय.

त्यांची मुलगी एल्सा. तिचं लग्न शरदात ठरलं होतं, ते तिने घाईने अलीकडे आणलं. मोरारच्या समुद्रकाठी पांढऱ्या वाळूवर लग्न, कोट नाही, टाय नाही, पुरुषांनी किल्टवर साधे शर्ट घालून यायचं. कारण तिने कुणाला सांगितलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बापाला आता कोट पेलवत नव्हता.

मग आमच्या घरात शर्टांची शोधाशोध सुरू झाली. मर्डो पलंगावर बसलेला, मी खुर्चीवर पसरलेला आणि सेंगा एकेक शर्ट माझ्याशी लावून बघतेय.

पांढरा घालून बघितला. कॉलरमधून त्याची मान कोंबडीसारखी वर आली. सेंगाने बटणं सोडली. लाल चौकटीचा काढला.

"चौकटीवर चौकट?" मर्डो म्हणाला. "बघणाऱ्याला फीट येईल."

"मग हा टी-शर्ट घाल. बिअरच्या जाहिरातीचा."

"बाह्या आखूड आहेत." त्याने हात पुढे केले. सुयांनी ते मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते. शिवाय गळ्याच्या हाडाखाली, सलाइन जोडण्यासाठी बसवलेली डबी कातडीतून वर उचलून आलेली. "हे सगळं झाकलं पाहिजे. लोकांनी पोरीकडे बघावं, माझ्याकडे नाही."

सेंगा कपाटात डोकं घालून उभी राहिली. बाहेर आली ती स्वतःचाच एक राखाडी शर्ट घेऊन, बागकामाचा, बिनकॉलरचा, धुऊन धुऊन मऊ झालेला.

तो मर्डोला अगदी मापात बसला. गळा झाकला, हात झाकले. माझ्या हिरव्यावर तो राखाडी रंग खुललाही छान.

"बटणं उलट्या बाजूला आहेत," तो म्हणाला.

"कोण बघतंय?"

"खाली घागरा म्हणून धक्क्यावरचे परदेशी पाहुणे हसतातच. आता वर बायकोचा शर्ट." तो हसला. सेंगाही हसली आणि मग हसता हसता पलंगाच्या कडेवर बसून राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा शर्ट त्याला कधी दंडात शिरला नसता.

लग्नाच्या दिवशी तिने त्याला राखाडी शर्ट घातला, मग मला गुंडाळलं. पट्टा शेवटच्या भोकात घातला तरी मी घसरत होतो, म्हणून तिने पिना लावल्या. मर्डो पलंगाचा दांडा धरून उभा राहिला. मला त्याच्या मांड्या थरथरताना लागत होत्या. दारात होणारा जावई, रूअरी, गाडी घेऊन आला होता.

"सेंगा," मर्डो म्हणाला, "काढ ह्याला. फार जड आहे हा."

तिने मला काढलं. तो बसला.

"खुर्ची नेऊ आपण," रूअरी म्हणाला. "मी उचलून नेतो तुम्हाला."

"फार वेळ बसवत पण नाही रे. तुम्ही जा. भरती यायच्या आत उरकायला हवं." सेंगा हलेना, तेव्हा तो म्हणाला, "पोरीच्या बाजूला कुणीतरी उभं राहायला नको का? जा, बाई."

ती गेली. मर्डो, मी आणि एक परिचारिका मागे राहिलो. तिने मला त्याच्या गुडघ्यांवर पांघरलं.

"शर्ट बरा दिसतोय ना?" त्याने तिला विचारलं.

"झकास दिसतोय."

मग दुखणं वाढलं आणि तिने औषध दिलं. एल्सा आली तेव्हा तिच्या पांढऱ्या झग्याच्या घेराला ओली वाळू लागली होती. ती त्याच्यापाशी बसली आणि हात धरून हाका मारत राहिली. त्याने डोळे किलकिले केले.

"सेंगा," तो तिला म्हणाला, "पांढरं छान दिसतं तुला."

"हो," एल्सा म्हणाली. "तुझ्यासाठीच घातलंय."

सेंगा दाराशी उभी राहून ऐकत होती. पुढे तो फारसा बोलला नाही. त्याच आठवड्यात गेला.

अंत्यविधीवाल्याने विचारलं, "किल्ट घालायचा ना?" सेंगा म्हणाली, "नको. त्याला तो पेलवत नव्हता." राखाडी शर्ट त्याच्याबरोबर गेला. मी मागे राहिलो.

नंतर एकदा रूअरीने मला मागितलं, भीत भीत. म्हणाला, "मी साध्या शर्टावर घालेन, रोजच्यासारखा. त्यांची आठवण म्हणून." मला जायचं होतं. जाहिरातीचा टी-शर्टही मी चालवून घेतला असता. सेंगा नाही म्हणाली. एल्सा म्हणाली, "निदान बाहेर तरी काढ, आई. उन्हात घाल."

"चेन उघडली की त्याचा वास जाईल."

तो वास केव्हाच गेलाय. आता आहे तो कोंदट लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा. त्या गोळ्याही उडून गेल्या. कसर लागलीय मला. चुण्यांच्या आत, जिथे लोकर दाट आहे तिथून ती खात सुटलीय. पिवळी रेघ ठिकठिकाणी तुटलीय. आता मला कुणाच्या कमरेला लावलं तरी मी फाटेन.

तुमच्या घरी असं काही बंद करून ठेवलेलं असेल तर ते देऊन टाका. माझ्यासाठी आता कुणाला सांगायला उशीर झालाय. सेंगा रोज सकाळी कपाट उघडते, पिशवीवरून हात फिरवते, आणि समाधानाने दार लावून घेते.