मावशीचा उजवा गाल

या, जवळ सरका मायबापहो. मागे बसलेल्याला अर्धीच कथा मिळते. देवाला स्मरून एका गालाची गोष्ट सांगते.

आमच्या कारखान्यात समुद्री शेवाळाचं मलम बनतं. शेवाळाचा चिकट अर्क कातडीवर बसला की धुराची काजळी आत शिरत नाही, असा दावा. हौदावर शेवाळ धुते मावशी. सडक्या मासळीचा भपकारा, बुळबुळीत तंतू, त्यात मेलेले किडे. पहिल्या दिवशी मला ओकारीच आली. मावशी हसली, "अगं, ही घाण धुतली की जाते."

मलमाची चाचणी माझ्याकडे होती. सहा आठवडे रोज डाव्या गालाला अर्काचं मलम, उजव्याला बिनअर्काचं. त्यासाठी ठरला होता चौकातला वाहतूक पोलीस. तो पहिल्याच दिवशी फिरकला नाही, तेव्हा मी त्याच्या जागी हौदावरच्या मावशीलाच मलम लावलं आणि चाचणीच्या वहीत जागा म्हणून आधीच लिहिलेलं 'चौक' तसंच राहू दिलं. कोण विचारतंय!

सहा आठवड्यांनी डावा गाल नितळ. उजव्यावर काळपट, खरबरीत चट्टे.

मालक दोन्ही गालांचे फोटो बघून खूश. "वा! काय काळवंडलाय! कुठला हो हा चौक?"

मावशीनं बादली खाली ठेवली. "चौक कसला, साहेब? तुमचंच धुराडं. बॉयलरमध्ये जुने टायर जाळता, तो धूर माझ्या हौदावर उतरतो. गालाला मलम लावलंत, छातीला काय चोपडू? तेवढे टायर बंद करा."

मालकानं अत्तराचा रुमाल नाकाला लावला. "मावशी, केवढा वास मारता हो तुम्ही!" मग माझ्याकडे वळून, "वहीत चौक आहे ना? मग चौकच छापा."

वही माझ्याच हातात होती. मी मान डोलावली.

शेवाळाची कधी आली नाही एवढी किळस मला त्या रुमालाची आली, आणि त्याहून जास्त माझ्या मानेची. संध्याकाळी देवापुढे हात जोडले, तर बोटांना तोच भपकारा. तीनदा साबण लावला. जाईना.

आता डबीवर मावशीचे दोन्ही गाल आहेत, खाली 'शहराचा चौक'. धुराडं काळं ओकतंय, मावशी हौदावर वाकून खोकते आहे.

डबी उघडाल तेव्हा डाव्या गालाचं कौतुक जरूर करा. पण मायबापहो, उजवा गाल जिचा आहे, तिला आठवा.