जत्रेतली मोटारींची शर्यत

मुरबाडला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या संजीवनीने म्हसाच्या जत्रेत मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला, ते २००७ साल. क्लासला मुलगे येत, मुली येत नसत. आया म्हणत, पोरीच्या हातून मशीन बिघडलं तर? संजीवनीला खात्री होती की या बायांनी एकदा स्वतः मशीन चालवून पाहिलं, तर ही भीती जाईल. आणि इतक्या बाया एका जागी भेटायच्या त्या जत्रेतच.

मैदानात जनरेटर मिळणार होता, इंटरनेट नव्हतं. गेम इंटरनेटवरून घेतलेला, त्याची सीडी नव्हती. तो उघडायचा लाँचर नावाच्या प्रोग्रॅममधून, आणि लाँचर आधी नेटवर जाऊन खातं तपासायचा, मगच गेम सुरू करू द्यायचा. क्लासच्या फोनलाइनवर नुसतं त्याचं अपडेट उतरायला आठवडा गेला असता. म्हणून तिने तीन सीपीयू चादरींत गुंडाळले, नवऱ्याच्या टेम्पोत ठेवले आणि त्याला, किशोरला, म्हणाली, "शहापूरला चल."

शहापूरला दीपेशच्या सायबर कॅफेत ब्रॉडबँड होतं. त्याने सीपीयू जोडून दिले, पण मान हलवली.

"ताई, नाय जमायचं. मी करून बघितलंय. वायर काढली की लाँचर आत घेतच नाय."

"तू वायर आधी काढली असशील."

"मग कधी काढायची?"

"सगळ्यात शेवटी. आधी अपडेट पुरं होऊ द्यायचं. पासवर्ड लक्षात ठेवायच्या चौकोनात खूण करायची. गेम एकदा चालवून बघायचा, पहिल्या वेळी तो आणखी फायली मागतो. मग मेनूत जाऊन लाँचर ऑफलाइन करायचा. त्यानंतर वायर."

तिन्ही मशीनवर तीन वेगळी खाती उघडून तिने हे सगळं केलं. मग वायरी उपटल्या आणि प्रत्येक मशीन तीन-तीनदा बंद करून चालू केलं. दरवेळी गेम उघडला. दीपेश खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि तिने काय-काय केलं ते वहीत उतरवून घेऊ लागला.

जत्रेच्या दिवशी समितीच्या नथूमामांनी तिला घोंगड्यांच्या रांगेत, गोदूबाईच्या पालाशेजारी जागा दिली. तिने तिन्ही मशीन एकमेकांना वायरने जोडली. दोन सुरू झाली. तिसऱ्याच्या पडद्यावर आलं, इंटरनेटला जोडा.

समोर माणसं जमली होती. नथूमामा हळूच म्हणाले, "संजीवनी, हसं होईल गो."

"दोनच चालवू," किशोर म्हणाला.

"तिन्ही चालणार. थांब जरा."

तिने पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. १ जानेवारी २००२. वीज नसताना मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा आतला नाण्याएवढा सेल संपला होता. खातं उघडायच्या पाच वर्षं आधीची तारीख बघून लाँचर अडून बसला होता. तिने तारीख दुरुस्त केली, मशीन पुन्हा चालू केलं. गेम उघडला. नथूमामांनी टोपी काढून कपाळाचा घाम पुसला.

तरी बाया पुढे येईनात. शेवटी सिद्धगडाकडच्या वाडीतली भिमी येऊन टेकली. तिचा नवरा बैलांचा सौदा करत होता आणि ती उभी राहून कंटाळली होती.

"मोडलं तर?" तिने विचारलं.

"नाय मोडत. हा बाण दाबला की गाडी पुढं जाते."

भिमीची गाडी थेट भिंतीवर आदळली. लोक हसले, तीही हसली. दुसऱ्या फेरीत ती वळण घ्यायला शिकली. तिसऱ्या फेरीला तिने शेजारच्या मशीनवर गोदूबाईलाच बसवलं. दोघींची शर्यत रंगात आली आणि जनरेटर बंद पडला. पडदे काळे झाले.

भिमी झटकन उठली. तिचा चेहरा उतरला होता. "माज्यानं झालं काय?"

"तुमच्यानं काय नाय झालं, डिझेल संपलं," संजीवनी म्हणाली. तेवढ्यात किशोर डिझेलचा डबा घेऊन आलाच. जनरेटर धडधडला. भिमीचं मशीन तेच, सेल संपलेलं. संजीवनीने त्याला हात लावला नाही. तिने भिमीला परत खुर्चीत बसवलं, तारखेची खिडकी उघडून दिली आणि म्हणाली, "आता तुमीच चालू करायचं. आजची तारीख घाला."

"आज पौषाची पुनव."

"इंग्रजी लागते त्याला."

"तीन तारीख," नथूमामा मागून म्हणाले.

भिमीला आकडे येत होते. एका बोटाने तिने तीन दाबला, मग महिना, मग साल. मशीन बंद करून पुन्हा चालू कसं करायचं ते विचारून घेतलं आणि तेही स्वतःच केलं. लाँचर उघडला, त्यातून गेम उघडला. भिमी मागे वळली आणि जमलेल्या बायांना म्हणाली, "बघितलं काय?"

मग बायांची रांगच लागली. संजीवनी फक्त बाण कुठले ते दाखवायची; जनरेटर पुन्हा बंद पडला, की तारीख कशी घालायची ते पुढच्या बाईला भिमी सांगायची.

त्या उन्हाळ्यात क्लासला चौदा मुली आल्या. संजीवनीने त्यांच्यासाठी सकाळची वेगळी बॅच काढली. पण जत्रेची आठवण निघाली की ती सांगते ते भिमीच्या नवऱ्याचं. बैलजोडी घेऊन तो पालापाशी आला आणि हाका मारू लागला. भिमीने पडद्यावरची नजर काढली नाही.

"बैलांना पाणी पाजून आणा," ती म्हणाली. "मी दुसऱ्या नंबरला हाय."