ओटीपीआधीची ओवी

प्रभाकर वैद्यांचा विश्वास असा कुणावरच नव्हता. दूधवाल्याच्या पिशवीवर नव्हता, लिफ्ट तपासून गेलेल्या माणसाच्या सहीवर नव्हता, आणि निवृत्त झाल्यापासून फोनवर तर मुळीच नव्हता. तरी त्यांच्या डोंबिवलीच्या घरात, देव्हाऱ्याच्या फळीवर, अन्नपूर्णेच्या शेजारी एक जुना मोबाइल असे. त्यात त्यांच्या मुलाचं, सलिलचं, इथलं सिमकार्ड होतं.

सलिल बायको-मुलीसह मेलबर्नला. चार वर्षांत घरी आला नव्हता. पण त्याचं इथलं बँकखातं याच नंबराला जोडलेलं, त्यामुळे त्याने तिकडे काही व्यवहार केला की ओटीपी इकडे देवापुढे वाजे. मग तो आईला फोन करी, सरोज आकडे वाचून दाखवी, आणि त्या निमित्ताने जेवलास का, थंडी आहे का, हेही होऊन जाई. एरवी त्याला वेळ नसे. बँकेने मायलेकरांच्या भेटीची सोय करून दिली होती म्हणायची.

मध्येच प्रभाकररावांनी कुठेसं वाचलं, की हल्ली चोर माणसाचा आवाज हुबेहूब काढतात. त्या दिवसापासून घरात नियम झाला. ओटीपी द्यायच्या आधी परीक्षा.

"परीक्षा कसली घेणार?" सरोजने विचारलं. "जन्मतारीख?"

"जन्मतारीख चोराला पाठ असते. त्याला ठाऊक नसेल असं काहीतरी पाहिजे."

सरोजचं माहेर शहाडचं, उल्हास नदीजवळचं. सलिल पाळण्यात होता तेव्हा ती मनानेच ओव्या रचायची आणि गायची. कुठे लिहिलेल्या नाहीत, छापलेल्या नाहीत. तिने पहिली ओळ म्हणायची, त्याने दुसरी. ओळ जुळली तरच आकडे.

"आई, मी ऑफिसात बसून अंगाई म्हणू?" सलिल कुरकुरला होता. पण म्हणे. कधी चटकन, कधी डोकं खाजवून.

गेल्या आठवड्यात त्याने सांगितलं, तिकडे घर घेतोय. इथले सगळे पैसे तिकडे नेणार, मग खातंही बंद. "ते सिमपण टाकून द्या मग. तुमच्यामागची कटकट जाईल."

"बरं," सरोज म्हणाली आणि आमटी ढवळत राहिली. आमटी केव्हाच उकळली होती.

शुक्रवारी सकाळी देवापुढचा मोबाइल वाजला. पाठोपाठ सरोजच्या फोनवर एक अनोळखी नंबर.

"आई, ओटीपी आला का? लवकर सांग."

प्रभाकररावांनी हातानेच स्पीकर लावायची खूण केली. "हा नंबर कुणाचा?" त्यांनी दरडावलं.

"बाबा, माझा फोन दुरुस्तीला टाकलाय. ऑफिसच्या फोनवरून बोलतोय."

प्रभाकररावांच्या भुवया कपाळभर चढल्या. फोन दुरुस्तीला! सगळे चोर हेच सांगतात. आवाज सलिलचाच होता, त्यातली सर्दीसुद्धा सलिलची होती, आणि म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटली.

"परीक्षा," ते सरोजच्या कानात पुटपुटले.

सरोजने पदराने ओठ टिपले. डोळे मिटून हलक्या सुरात म्हणाली,

"उल्हास नदीबाई, तुझं पाणी वाहतं वाकून..."

पलीकडून आवाज आला, अडखळत, पण नीट चालीवर,

"दूर गेल्या लेकासाठी ठेव परतीची वाट राखून. बस? आता सांग."

सरोज फोनवर तळवा ठेवून नवऱ्याला म्हणाली, "हा सलिल नव्हे."

"काय?"

"माझी ओळ वेगळी आहे. 'माझ्या बाळासाठी ठेव एक ओंजळ राखून.' तुम्हीच ऐकलीय की पाळण्याशी. ही वाटेची ओळ मी आत्ता मंडळाच्या कार्यक्रमासाठी केली. सलिलला कधी म्हटली नाही."

"मग याला कुठून कळली?"

"वरच्या हेमांगीने कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकलाय ना, सगळ्या जगाला दिसेल असा."

प्रभाकररावांच्या अंगावर काटा आला. म्हणजे चोर घरात शिरून देव्हाऱ्यापर्यंत आला होता. "ठेव फोन!" ते ओरडले. पलीकडून "आई, अगं ऐक..." एवढंच आलं आणि बंद झालं. फोन पुन्हा वाजला. आणखी एकदा वाजला. सरोजने तो उशीखाली घातला.

"खातंच बंद करून टाका," ती म्हणाली.

त्यांना तेवढंच हवं होतं. देवापुढच्या मोबाइलवरून त्यांनी बँकेला फोन लावला, फसवणुकीची तक्रार केली आणि खातं गोठवून टाकलं. गड राखल्यासारखे ते खुर्चीत बसले. सरोज मात्र उशीखालचा फोन काढून पदराने पुसत होती. लहानपणी सलिलचं तोंड पुसायची, तशी. ते प्रभाकररावांना दिसलं, पण तेव्हा त्यांनी मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी सलिलच्या नेहमीच्या नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. चेहरा लालबुंद.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"आधी मान उजवीकडे वळव."

"काय?"

"वळव. आता नाकावरून हात फिरव. खोटा चेहरा हातामागे विरघळतो म्हणतात."

"बाबा, मीच आहे! सकाळीपण मीच होतो!" त्याने रागाने नाक चोळलं. चेहरा काही विरघळला नाही. "आज पैसे भरायचे होते. नाही भरले. घर दुसऱ्याने घेतलं."

"पण ओळ चुकलास तू," प्रभाकरराव म्हणाले.

सलिल खाली बघून म्हणाला, "ती जुनी ओळ मला आठवतच नव्हती, बाबा. परवा व्हिडिओत ऐकलेली, तीच म्हटली."

सरोज उठून स्वयंपाकघरात गेली.

सोमवारी प्रभाकरराव बँकेत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, फसवणुकीची तक्रार असल्यामुळे खातेदाराने पासपोर्ट घेऊन स्वतः यायचं, नाहीतर वकिलातीतून कागद साक्षांकित करून पाठवायचे. सलिलने वकिलातीत चौकशी केली. तारीख लवकर मिळेना. शेवटी वैतागून म्हणाला, "मीच येतो. दिवाळीला. तिकीट काढलंय."

सरोजने फोनवर नुसतं "ये हं" म्हटलं. त्या दिवसापासून घराला आवाज फुटला. कडवे वाल आले, सलिलच्या खोलीतल्या गाद्या गच्चीत गेल्या, आणि भांडी घासताना उल्हास नदी वाहू लागली. ओंजळीची नव्हे, वाटेची.

प्रभाकररावांना आता झोप लागेना. ते जुन्याच गोष्टी पुन्हा पुन्हा उलटून बघू लागले. तिच्याकडे पंचवीसेक ओव्या. त्या दिवशी नेमकी नदीचीच का काढली? चोर वाटला, तर हात का थरथरला नाही?

जिन्यात त्यांना वरच्या मजल्यावरची हेमांगी भेटली. त्यांनी लगेच तिला धारेवर धरलं. "तो व्हिडिओ आधी काढ. घरातल्या खुणा चव्हाट्यावर मांडतेस?"

"काका, ओवी आहे ती, लॉकरचा नंबर नाही!" हेमांगी हसली. "आणि सलिलदादाला किती आवडली! त्याच्या मुलीलापण ऐकवली म्हणे."

"त्याला कुठे सापडली?"

"मीच लिंक पाठवली की. तो तिकडे घर घेतोय कळलं ना, त्याच रात्री काकू आल्या होत्या. म्हणाल्या, पाठव त्याला, पण मी सांगितलं म्हणू नकोस." तिने जीभ चावली. "अय्या! सांगितलं."

प्रभाकरराव कठड्याला धरून उभे राहिले. त्याने ओळ ऐकली होती, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आवाजही ओळखला होता. त्यांच्याच नियमाने, त्यांच्याच हातून तिने खातं गोठवलं होतं. मुलाचं घर गेलं होतं. हे सलिलला सांगायला हवं. आज, आत्ता.

दार उघडंच होतं. सरोज मोड आलेले वाल सोलत बसली होती. शेजारच्या खुर्चीवर सलिलचा जुना अभ्रा, धुऊन घडी घातलेला.

"काय बोलत होती हो हेमांगी एवढा वेळ?"

प्रभाकररावांनी चपला काढल्या. देव्हाऱ्याकडे पाहिलं. मोबाइलची बॅटरी उतरली होती. त्यांनी तो चार्जिंगला लावला.

"कुठे काय. पाण्याच्या टाकीचं विचारत होती."

सरोजचा हात थांबला. वालाचं साल बोटाला तसंच चिकटलेलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने प्रथमच नवऱ्याकडे संशयाने पाहिलं.

"सरक," तिच्याजवळ पाट ओढत ते म्हणाले, "थोडे मी सोलतो."